लालीची खूण

भिंतीचा पोपडा आणून दाखवला की हुबेहूब त्याच रंगाचा डबा बनवून देणारा माणूस म्हणजे आपला रंगवाला. डोळा इतका पक्का, की दोन पांढऱ्यांतला फरक त्याला दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचा. बायको म्हणायची, "ह्यांना माणसं दिसतच नाहीत, शेड दिसतात." आणि नेमक्या ह्याच माणसाच्या पदरात एकसारख्या जुळ्या मुली पडल्या. नाक तेच, भुवया त्याच, हट्टही तोच.

फरक एवढाच, की धाकटीच्या उजव्या भुवईवर जन्मानंतर थोड्याच दिवसांत एक लाल ठिपका उगवला आणि बघता बघता डाळिंबाच्या दाण्याएवढा फुगला. ती लाली. थोरली छकुली. पोरी ओळखायची सोय झाली म्हणून रंगवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण डाळिंब थांबायचं नाव घेईना. ते पापणीवर उतरायला लागलं. आजी म्हणाली, "अगं, असले डाग आपोआप जातात."

"जातात, पण वर्षानुवर्षं लावतात," त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर डोळा झाकला गेला तर नजर अधू होईल. वाट बघायची नाही." हा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, त्यांनी समजावलं. हृदयाच्या रोग्यांना देतात तेच औषध थेंबांनी पाजलं, की तो आक्रसतो. मात्र पोट भरलेलं हवं, माप अचूक हवं, आणि औषध फक्त लालीलाच. "शेवटी एखादी नस उरलीच, तर लेसर आहे. तो प्रकाश तेवढा लाल रंग पकडतो, शेजारच्या कातडीला धक्का लावत नाही."

"असा माणूस आमच्या दुकानात पाहिजे," रंगवाला म्हणाला.

औषध लागू पडलं. रंगवाला दुकानातलं शेडकार्ड घरी आणून लालीच्या भुवईशेजारी धरायचा. डाळिंबी गाजरी झाली, गाजरीची गुलाबी झाली. लेकीचा डोळा टक्क उघडा होता आणि घरात आनंदीआनंद होता. पण गुलाबीही पांढऱ्याच्या वाटेला लागली, तेव्हा रंगवाल्याने शेडकार्ड मिटून टाकलं. ही खूण पुसली गेली, की मी माझी पोर ओळखायची कशी?

"एकीच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावू या का?" त्याने भीत भीत विचारलं.

"अहो, बापाला पोरगी ओळखायला नेलपॉलिश लागतं?" बायको कडाडली. "मी तर अंधारातसुद्धा ओळखेन!"

ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले. म्हणून त्याने गुपचूप तोड काढली. औषध गोड असल्यामुळे ड्रॉपर दिसला, की लाली चिमणीच्या पिलासारखी आ वासायची आणि छकुली तोंड फिरवायची. तेव्हापासून रिकामा ड्रॉपर त्याच्या खिशात असायचा. शंका आली, की काढायचा आणि दाखवायचा. पण पुढे छकुली बिचारी बहिणीकडे टकामका बघायला लागली. बापाचं काळीजच ते, पाघळलं. तो तिलाही दुसऱ्या ड्रॉपरने चार थेंब दूध पाजू लागला. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

त्या रविवारी दोघींच्या आंघोळी झाल्या, पोटं भरली, दोघी गादीवर उघड्याच लोळत होत्या. रंगवाला औषध घेऊन आला. भुवया बघितल्या. चारही स्वच्छ. त्याने ड्रॉपर दाखवला.

दोघींनी आ वासला.

त्याने ड्रॉपर खाली ठेवला आणि बायकोला हाक मारून सगळं खरं सांगून टाकलं. "दूध पाजलंत? धन्य आहे तुमची!" म्हणत ती ऐटीत पुढे आली. "ही लाली." मग थांबली. "नाही, ही." मग दोघींच्या भुवया अंगठ्याने पुसून बघितल्या. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघांना हसूच फुटलं.

डॉक्टरबाईंना फोन लावला. "आजचं औषध राहिलं तर राहू दे, पण भलत्या बाळाला देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, थोडं रडवा दोघींना. चेहरा लाल झाला, की उरल्यासुरल्या नसा भरतात आणि डाग उमटतो."

रडवायचं? बायकोने हात मागे घेतले. रंगवाल्याने तर कानच धरले. पण चेहरा लालच करायचा, तर रडणंच कशाला हवं?

दुकानात रंगाचे डबे घुसळायचं एक मशीन होतं. रंगवाला गादीसमोर उभा राहिला, गाल फुगवले आणि ते मशीन झाला. घर्रर्र! पोट थरथरलं, चष्मा नाकावरून घसरला. एक पोर खदाखदा हसायला लागली, सगळं घर दणाणलं. दुसरीचा आवाजच फुटेना; नुसती पोट धरून हलत राहिली, आणि शेवटी एक उचकी लागली. तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि उजव्या भुवईवर हळूच गुलाबी पाकळी उमटली.

"लाली!" दोघं एकदमच ओरडली. जो डाग जावा म्हणून वर्षभर डोळ्यांत तेल घालून औषध पाजलं, तो दिसल्याचा असा आनंद कुणाला झाला नसेल. आधी खुणेसाठी तिला पिवळं झबलं चढवलं, मग औषध पाजलं.

बायको नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. "लावा बाई, हरले मी."

"थांब," रंगवाला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "गुदगुल्या कर. कुठलीला ते सांगू नकोस."

मागे खदाखदा हसू. "छकुली."

मग बराच वेळ काहीच नाही. आणि एक उचकी.

"लाली," तो म्हणाला. "माझी लाली."

"बरोबर," बायको म्हणाली. "आता वळा की इकडे. भिंतीचा काय रंग बघताय?"

त्याला वळता येईना. त्याला भिंतीचा रंग दिसतच नव्हता, डोळे भरून आले होते.