पाठीवरून ऐकलेली चाल

बेबीनंदाची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. रझाकारीच्या सालातल्या उन्हाळ्यात वाटूरला तापाची साथ आली आणि आठ दिवसांत गिरिजाबाई आटोपली. मामा रेल्वेत गँगमन होता. त्यानं भाचीला जालन्याला नेलं, शिकवलं, मास्तरीण केलं. आईचा फोटो नव्हता. चेहरा केव्हाच पुसून गेला होता. उरली होती एक चाल. शब्द एकही नाही, नुसती चाल.

आता ती परतूरच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होती. भाकरी थापताना, पाट्या तपासताना ती चाल तिच्या ओठांवर यायची. आपण गुणगुणतोय हे तिचं तिला कळायचंही नाही. वर्गात तिनं एक गोष्ट बघून ठेवली होती. पहिलीची पोरं कवितेचे शब्द खातात, पण चाल पहिल्याच दिवशी उचलतात. चौथीची पोरं शब्द बिनचूक म्हणतात आणि चाल सपाट करून टाकतात. आपण तर पहिलीच्याही आधीचे, म्हणून आपल्याकडं नुसती चाल राहिली असावी, असं तिला वाटे. शब्द कुणातरी मोठ्या माणसाकडं असतील.

पंच्याहत्तर सालच्या भादव्यात शाळेतले सर्जेराव गुरुजी सहज बोलून गेले, "बाई, आमच्या वाटूरात चांगुणाबाई हाय. तुमच्या आईच्या संगट खुरपायला जायची म्हणं." पुढच्याच रविवारी बेबीनंदानं वाटूरची एसटी धरली.

चांगुणाबाई लेकाच्या घरापुढं सुपात मूग निवडत बसली होती. सत्तरीला आलेली, एका कानानं कमी ऐकणारी. बेबीनंदानं जयभीम घातला. म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली.

"गिरजेची नंदी न्हाई का तू? कपाळ तेच हाय."

"व्हय मावशी. माय खुरपताना एक गाणं म्हणायची. तेवढ्यासाठी आले."

"एक? लई म्हणायची. ती पुढं म्हणायची, आमी मागून धरायचो. पण तुला पाठीला बांधलेली असली की मातर एकच."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. गाण्याची सुरुवात काही सापडेना. मग ती उकिडवी बसली, रिकाम्या हातानं मातीवर खुरपं चालवल्यासारखं करू लागली, आणि गाणं आपोआप आलं.

सरली पात माझी, बांधाला सावली,
पाठीशी लेक माझी उन्हानं पेंगली…

पाठीशी पेंगलेली लेक म्हणजे आपणच, बेबीनंदाला कळलं. पण चाल ती नव्हती. ही जड होती, संथ होती, जवळजवळ एकाच सुरावर चालणारी.

"मावशी, चाल अशी नव्हती."

"मंग कशी?"

आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं डोळे मिटून गुणगुणून दाखवलं. म्हातारीनं चांगला कान तिच्याकडं केला, शेवटपर्यंत ऐकलं आणि साधेपणानं म्हणाली, "ही न्हाई बाई. ही म्या कधी ऐकली न्हाई."

"पण मला बराबर आठवते."

"तुला आठवत असंल. तू दोन वर्सांची होतीस, कान तिच्या पाठीला. ती वाकायची, उठायची, तिला दम लागायचा. त्यातून गाळून तुझ्याकडं यायचं. आमाला निस्तं तोंडातून आलेलं." हाताची माती झटकत ती पुढं म्हणाली, "आन माझा बी गळा उतरला आता. तवा लई वरून म्हणत होतो आमी. जे ऱ्हायलं ते हे असं हाय."

बेबीनंदानं शब्द वहीत उतरवून घेतले. निघताना म्हातारीनं ओंजळभर मूग तिच्या रुमालात बांधून दिले.

एसटीत ती शब्द पुटपुटत राहिली. परतूर जवळ आलं तेव्हा तिनं ते आपल्या चालीवर बसवायला घेतले. दोन-तीन सूर बरोबर पडले आणि पुढं म्हातारीची चाल आत शिरली. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग शब्द सोडून नुसतं गुणगुणून पाहिलं, तरी तेच. घरी चुलीपुढं बसून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाट्या घेऊन पाहिलं. जी चाल सत्तावीस वर्षं न बोलावता येत होती, ती आता बोलावूनही येईना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "गेली."

"काय गेलं?"

"मायची चाल. हरवली माझ्याकडून."

तातेराव जिनिंगमध्ये कामाला होता. गाण्याशी त्याचं कधी जमलं नव्हतं. तरी त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "थांब, मला येते. तेरा वर्सं ऐकून राह्यलो मी." त्यानं घसा खाकरून सुरुवात केली. वंगण नसलेल्या चाकासारखा आवाज निघाला. बेबीनंदाला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"न्हाई जमत," तो ओशाळून म्हणाला. "चाल मला कधी कळलीच न्हाई. तू म्हणायला लागली की वाटायचं, आज समदं बरं हाय."

दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा वाटूरला गेली. म्हातारीवर तिचा राग नव्हता. "मावशी, मला तुमच्याच चालीत शिकवा," ती म्हणाली. चांगुणाबाईनं तिला शेजारी बसवून ओळ-ओळ म्हणून घेतली. चार ओळी झाल्यावर ती थांबली. पुढचं गिरजा एकटीच म्हणायची, म्हणाली; बाकीच्या बाया तोवर खुरपत खुरपत दूर, आपापल्या वाट्याच्या पातीच्या टोकाला गेलेल्या असायच्या. मग गाणं सोडून ती गिरजेचंच सांगत बसली. ती कशी तापट होती, मुकादमाला कशी उलटून बोलायची, भाकरीसोबत हिरवी मिरची किती खायची. बेबीनंदा ऐकत राहिली. ही बाई तिला आवडली. पण जिच्या पाठीला तिचा कान होता, ती ही नव्हती.

ती दर महिन्याला वाटूरला जायला लागली. त्या चार ओळी आता ती चांगुणाबाईसारख्याच म्हणते. मात्र कधी कधी वर्गात पोरांचा एकसुरात पाढा चालू असतो, आणि ती खडू हातात धरून, मान जराशी कलती करून उभी राहते.

"बाई, काय ऐकून राह्यल्या?" पुढच्या पट्टीवरची एखादी पोरगी विचारते.

"काही न्हाई," ती म्हणते. "म्हणा पुढं."