झोपलेलं रुपं

बर्फाचा खडा चुर्र करत विरघळला आणि घाटघरच्या देवळापुढची अख्खी गर्दी एका दमात "आऽऽ" म्हणाली.

खरंच विरघळला की हो! लाल वस्त्र पांघरलेली तिवई, तिच्यावर पितळी ताट, ताटात देवीछाप चांदीचं नाणं आणि नाण्यावर बर्फाचा खडा. ना चूल, ना काडी, तरी खड्याचं पाणी! शेजारच्या लाकडी पाटावर गावातल्याच कुणाचा तरी जुना राणीछाप रुपया होता. त्याच्यावरचा खडा मात्र रुसलेल्या जावयासारखा हलायला तयार नव्हता.

"बघा माउली!" रुपेनाथ महाराजांनी दोन्ही हात आभाळाला लावले. "ही चांदी, हे रुपं नाणेघाटाच्या जकातीच्या रांजणातलं! दोन हजार वर्षं देवीच्या कुशीत होतं, आता जागं झालंय. जाग्या रुप्याच्या अंगात ऊब असते. तुमचं रुपं झोपलंय! आणि ज्या घरात रुपं झोपतं, तिथं काय होतं?"

"समदंच झोपतं!" गर्दीला आता उत्तर पाठच झालं होतं.

"मग एक झोपलेला द्या, तीन जागे न्या!"

जुन्नरच्या शाळेतून नुकतीच आलेली प्रतिभा दप्तरासकट गर्दीत घुसली आणि जागच्या जागी थबकली. सगळ्यात पुढं तिची आई, लंकाबाई, बसली होती. आईचा गळा मोकळा होता. राणीछाप रुपयांची माळ, जी तापातसुद्धा गळ्यातून उतरली नव्हती, ती आईच्या ओंजळीत होती. 'दहावी झाली की ह्याच्यातनं तुझं जुन्नरचं हॉस्टेल,' असं आई त्या माळेला हात लावून म्हणायची.

"आई, अगं हे काय करतीस?"

"तुझ्याचसाठी गं," लंकाबाई हळूच म्हणाली. "एकाचे तीन झाले तर बारावीच काय, पुढचंबी व्हईल."

"पण वजन तरी करून बघ ना त्यांचं!"

आजूबाजूच्या बाया दचकल्या. देवाला वाहिलेलं रुपं काट्यावर चढवायचं नाही, दगडावर घासायचं नाही, ही इथली जुनी रीत. महाराजांनी पहिल्याच दिवशी आपल्या आणि गावाच्या प्रत्येक नाण्याला हळदकुंकू लावून ते देवीला वाहून टाकलं होतं. झालं! सगळ्या गावाचे हात गावाच्याच रितीनं बांधले गेले.

महाराजांनी माळेतला एक रुपया सोडवून घेतला. "आधी गंगास्नान!" म्हणत तो कलशात बुडवला, पाटावर ठेवला आणि वर बर्फ ठेवला. बर्फ ढिम्म.

"झोपलाय! गाढ झोपलाय! आणा ती माळ इकडं."

"थांबा, मला कुंकू लावू द्या आधी," प्रतिभा म्हणाली आणि ताटातल्या करंड्याकडं हात नेला. बोट ताटाच्या कडेला लागलं. चटका! तिनं दुसरा हात पटकन कलशावर टेकवला. बर्फगार! शाळेत थंडीच्या दिवसांत वर्गमैत्रीण हुदा आणि ती लोखंडी बाक टाळून लाकडी बाकासाठी भांडायच्या, ते तिला आठवलं. लोखंड अंगातली ऊब ओढून घेतं, लाकूड घेत नाही.

डोक्यात लख्ख दिवा लागला. पण आपलं चुकलं तर? आईला गावात तोंड दाखवता येणार नाही.

"महाराज, जागा बदला," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या नाण्याला गंगास्नान घाला, पाटावर ठेवा. माझ्या आईचा रुपया ताटात ठेवा."

"देवी कोपेल, पोरी!"

"ए प्रतिभे!" चुलते गेणभाऊ खेकसले. "धाव्वीला गेली म्हंजी देवाची परीक्षा घेती व्हय?"

"देवाची न्हाई काका, बर्फाची!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात तिनं देवीछाप नाणं कलशात बुडवून पाटावर ठेवलं, आईचा रुपया ताटात ठेवला आणि दोन्हींवर बर्फाचे नवे खडे ठेवलेसुद्धा. आईच्या रुपयावरचा खडा बघता बघता वितळला. देवीछाप नाण्यावरचा तसाच बसला!

महाराज क्षणभरच गडबडले. मग त्यांनी ताटाला दंडवत घातला. "चमत्कार! लंकाबाईचं रुपं जागं झालं! लेकीच्या हातानं जागं झालं!"

गर्दीचे हात पुन्हा जोडले गेले. लंकाबाईचेसुद्धा. आता काय?

तिनं तिवईवरचं लाल वस्त्र ओढलं.

आत मातीच्या परळात निखारे फुललेले होते. थेट ताटाच्या बुडाखाली.

"ही बघा देवीची ऊब!" प्रतिभा ओरडली. "ताट तापलेलं, म्हणून बर्फ वितळतो. पाट लाकडाचा आणि कलशात बर्फाचं पाणी, म्हणून आपला रुपया झोपतो!"

"ते... ते धुपासाठी हायेत," महाराज म्हणाले. "पण चांदी तर खरी हाय ना? घासून बघायचा पापी हात कुणाचा असंल, त्यानं यावं फुडं!"

कुणीच हललं नाही. गेणभाऊसुद्धा खाली बघत होते. रीत ती रीत.

आणि लंकाबाई उठली. तिनं देवीछाप नाणं उचललं, देवळाच्या पायरीशी बसली, "देवीआई, माफ कर," असं पुटपुटली आणि दगडावर खसाखसा घासलं. मग आपला राणीछाप रुपया घेतला. तोही घासला. दोन्ही गेणभाऊंच्या तळहातावर ठेवली.

राणीछाप रुपया घासूनही पांढराशुभ्र होता. देवीछाप नाण्याच्या कडेनं लालभडक तांबं डोकावत होतं.

"च्यायला, मुलामा!" गेणभाऊंचा आवाज फुटला. "आरं, पोलीस पाटलाला बोलवा! आन् ह्या महाराजाला कुठं जाऊ देऊ नका, त्यांचं गंगास्नान राहिलंय!"

महाराजांच्या थैलीतले गावाचे रुपये ज्याचे त्याला परत मिळाले. लंकाबाईनं माळ पुन्हा गळ्यात घातली, पण घरी जाता जाता थांबली.

"ऐतवारी बाजारात येशील माज्यासंगं? सोनाराच्या काट्यावर एकदा आपली माळबी घालू."

"आई! आणि रीत?"

"घासल्यावर देवी कोपली का? न्हाई ना. मग काट्यालाबी कोपायची न्हाई. खऱ्याला काट्याचं भ्या कशाला?"

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडा हवं तर, पण आधी ताटाखाली काय आहे ते बघा. 'तपासू नका' असं जो सांगतो, त्याचीच वस्तू सगळ्यात आधी तपासा.