बरं होण्याची प्रार्थना

ताईच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत पसरली होती, हे तिच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींची सक्त ताकीद होती, "तो शब्द या घरात काढायचा नाही. तोंडातून निघाला की विश्वास ढळतो." म्हणून ताईला झाला होता तो नुसता अल्सर. दर आठवड्याला चर्चच्या मंडळीतली माणसं तिच्या खाटेभोवती जमून, ती बरी झाल्याबद्दल देवाचे आगाऊच आभार मानत. ताई उशीला टेकून 'आमेन' म्हणायची. तिची धाकटी बहीण, शिवणकामावर पोट भरणारी, दाराशी उभी राहून तेच म्हणायची, पण ताईकडे न बघता.

एका दुपारी ती ताईचं अंग पुसत होती. झंपर अंगावर नुसता लोंबत होता.

"हा आत घे गं," ताई म्हणाली. "की नको घेऊस? घालायला मी असेन ना?"

"काय अभद्र बोलतेस!"

"माझ्याकडे बघून बोल. खोटं बोललीस की लहानपणापासून तुझे कान लाल होतात. आत्ता नुसते पेटलेत."

धाकटीनं टॉवेल बादलीत टाकला आणि सांगून टाकलं. गाठ कसली आहे, कुठवर गेलीय, डॉक्टरांनी कसे हात टेकलेत.

ताई रडली नाही. तिचा चेहरा रागानं आवळला. "म्हणजे माझ्या उशाशी नाटक चाललं होतं? आणि देवालाही त्यात ओढलंत? जा बाहेर."

धाकटी दाराबाहेर जमिनीवर बसली. ताईची प्रार्थना जन्मभर इस्त्रीच्या कपड्यासारखी, एक सुरकुती नसायची. आज आतून ती देवाशी भांडत होती. "मला जायचं नाही. भीती वाटते मला. ऐकतोयस ना?" मग बराच वेळ हुंदके. मग हाक आली, "ये आत. पाणी दे."

पुढच्या प्रार्थनेला पाळकांनी आभाराला सुरुवात करताच ताईनं त्यांना थांबवलं. "पाळकसाहेब, मी मरतेय. त्यासाठी करा प्रार्थना."

कुणी मान वर करेना. दाजी उठून चालते झाले. पाळकांनी हातातलं बायबल मिटलं. "कशी करायची ते मला कळत नाहीये, बाई," शेवटी ते म्हणाले.

"मग नुसते बसा जवळ."

ते बसले. त्यानंतरची प्रार्थना ताईनं पाहिली नाही.

दफनभूमीत दाजी सगळ्यांदेखत धाकटीला म्हणाले, "तुझ्या जिभेनं घात केला." मंडळीनं ते खरं धरलं. अर्ध्या घरांनी तिच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. ती उपासनेला जायची, मागच्या बाकावर एकटी बसायची.

बऱ्याच महिन्यांनी दाजी तिच्या दुकानात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "शेवटी... माझ्याबद्दल काही बोलली का?"

काहीतरी गोड धाकटीच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"म्हणाली, यांच्याशी एकदा नीट बोलायचं होतं. पण माझ्याजवळ आले की हे डोळेच मिटून घेतात."

दाजी चिंध्यांच्या ढिगावर मटकन बसले. तिनं मशीन थांबवलं, समजूत मात्र घातली नाही.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "ती बरी होईल असं मला एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं."