रोज घालण्याजोगं

बेबीनं बँकेतल्या बाईंचा मोबाइल त्यांच्या हातात परत दिला आणि गळ्यातली शिट्टी इतक्या जोरात फुंकली की तलावातली सगळी मुलं एकदम काठाला येऊन चिकटली. कुणाचं काय चुकलं ते कुणालाच कळेना.

"काय झालं, मॅडम?" बाईंनी विचारलं. त्या पन्नाशीत पोहायला शिकत होत्या आणि अजून टोपीत केस कोंबण्यातच त्यांचा निम्मा वेळ जायचा. "मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला लेख. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं आमचे साहेबसुद्धा म्हणाले."

"झाला ना आनंद," बेबी म्हणाली. "चला, पाय मारा."

क्लबच्या त्या तलावावर ती कित्येक वर्षं पोहायला शिकवत होती. चाळिशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणत, आणि तलावावर सगळे मॅडम. आतापर्यंत मुलांवर तिचा आवाज चढला नव्हता असं नाही, पण तो पाण्यावरून पोहोचावा म्हणून चढायचा. आज मात्र शेवटची तुकडी पाण्याबाहेर येईपर्यंत ती ज्याच्यात्याच्यावर खेकसली. एक मुलगी रडलीसुद्धा. मग बेबी कपडे बदलायच्या खोलीत गेली, ओल्या बाकावर बसली आणि आपल्या मोबाइलवर तिनं तो लेख उघडला.

वर दादाचा फोटो होता. हनुवटीखाली हात, हातात घड्याळ. दादा विम्याच्या कंपनीत नोकरी करायचा आणि हौस म्हणून एका वेबसाइटवर घड्याळांविषयी लिहायचा. 'खिशाला परवडेल असं' हे त्याच्या सदराचं नाव.

'पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ रोज वापरता येतं का, हे समुद्रात उतरून कळत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'ते घरात कळतं. माझ्या वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं आहे. त्यांना आंघोळ घालताना हे घड्याळ रोज माझ्या मनगटावर होतं.'

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या मनगटाकडे तिनं पाहिलं. घड्याळ तिथंच होतं, काचेवर पाण्याचे थेंब.

मागच्या महिन्यात दादानंच ते आणून दिलं होतं. घड्याळांची कंपनी त्याला अशी घड्याळं वापरून पाहायला पाठवायची. "माझा हात दिवसभर टेबलावर असतो ग," तो म्हणाला होता. "तुझा पाण्यात. थोडे दिवस घाल आणि कसं वाटतं तेवढं सांग मला." काळी तबकडी, जाड काटे, बाजूला स्क्रूसारखी आवळायची चावी, आणि काचेभोवती टिकटिक करत फिरणारी दातेरी कडा. पहिले दोन दिवस तिला मनगटावर वीट बांधल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. मग आवडायला लागलं. श्वास धरायच्या खेळात वेळ मोजायला ती ही कडा फिरवायची आणि मुलं तो आवाज ऐकायला तिच्याभोवती गर्दी करायची. रात्री अप्पांना उठवायची वेळ झाली की दिवा न लावता अंधारात चमकणारे काटे दिसायचे. एवढ्या किमतीत इतकं चांगलं घड्याळ मिळतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि दादा रोज फोन करायला लागला.

खरं तर राग त्या फोनचा होता. एरवी दादाचा फोन म्हणजे रविवारी येतोय किंवा येत नाहीये एवढंच. आता तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज काय झालं? आणि ती सांगत सुटायची. बाहीत अडकतं रे. कडा बोचते, अप्पांच्या पाठीवर ओरखडा उठला, म्हणून आता मी ते आतल्या बाजूला वळवून घालते. साबणानं काही होत नाही. तो मध्येच "हं, हं, मग?" म्हणायचा. इतक्या वर्षांत तिला असं "मग?" कुणी विचारलं नव्हतं. एकदा अप्पा आंघोळीच्या खुर्चीवरून घसरले, त्या संध्याकाळी तर ती फोनवर रडली होती. दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. आपला भाऊ आता सुधारला, असं वहिनीला सांगावं, इतपत तिचं मन भरून आलं होतं.

लेखात तोही प्रसंग होता.

'त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. सोडू नकोस, वडील म्हणाले. मी सोडलं नाही. त्यांचा सगळा भार घड्याळाच्या पट्ट्यावर आला होता, पण पट्ट्याची पिन जराही सरकली नाही. रोज घालण्याजोगं घड्याळ म्हणजे आणखी काय असतं?'

त्याखाली लोकांनी हात जोडलेल्या खुणा टाकल्या होत्या. कितीतरी.

घरी पोहोचते न पोहोचते तोच आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तिला फोनवर बोलण्यापेक्षा फोनवर रडणं जास्त जमायचं.

"वाचलं ग मी सगळं," आत्या नाक ओढत म्हणाली. "नोकरी सांभाळून, रोज तिथं येऊन माझ्या भावाचं एवढं करतो. आणि आम्हाला कधी बोललासुद्धा नाही पोरगा. तू पण त्याला जरा हातभार लावत जा हो, बेबी."

"लावते," बेबी म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मग ओट्यावरचं भांडं उचलून तिनं ते पुन्हा ओट्यावरच आदळलं.

"काय पडलं?" आतून अप्पांनी विचारलं. त्यांची जीभ अजून जड होती, पण डोकं पूर्वीसारखंच लखलखीत होतं. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात फोरमन म्हणून गेली. यंत्र बिघडायच्या आधीच त्याचा आवाज बदलतो, आणि माणसाचाही, असं ते म्हणत.

"काही नाही."

"बरं," अप्पा म्हणाले.

फोनवर भांडायचं नाही, असं तिनं ठरवलं. फोनवर दादा नेहमी जिंकायचा. आधी तिला बोलू द्यायचा, मग एका वाक्यात तिलाच वेड्यात काढायचा. त्याचे फोन तसेही थांबले होते. लेख छापून झाला होता ना. रविवारपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. पाठ झालेली वाक्यं अप्पांचे कपडे पिळताना म्हणायची आणि पिळे इतके घट्ट बसायचे की शिवणी उसवायच्या.

रविवारी दादा आला तो हसतच. हातात एक नवं खोकं होतं आणि मनगटावर एक चकचकीत, पातळ घड्याळ.

"वाचलास?" त्यानं चप्पल काढता काढताच विचारलं. "काय प्रतिसाद आहे, बेबी. संपादक म्हणाले, आजवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. कंपनीनं लगेच दुसरं पाठवलं बघ. हे जरा लहान आहे, तुझ्या हाताला आणखी चांगलं दिसेल."

बेबीनं खोक्याला हात लावला नाही.

"माझ्या हाताला?" ती म्हणाली. "लेखात तर तुझा हात आहे."

दादाचं हसू जरा विरलं. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला.

"असं बघ. अशा लेखात 'मी'च लागतो. माझी बहीण म्हणाली, मग तिला असं वाटलं, असं लिहिलं की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. ती लिहायची पद्धत असते."

"माझं नाव घालायचं होतंस कुठे तरी. एका ओळीत."

"तूच म्हणतेस ना, घरातलं बाहेर नको? तुझाच विचार करून नाही घातलं मी."

"आणि अप्पांचं नेलंस बाहेर, ते?" इतके दिवस जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वेळेवर आलं नाही, जी आली ती सगळी उघडीबोडकी होती. "ते घसरले तेव्हा मी तुला घड्याळाबद्दल सांगत नव्हते, दादा. मी घाबरले होते. मला वाटलं, तू ऐकतोयस."

"ऐकत होतोच की."

"लिहून घेत होतास."

खिडकीपाशी आरामखुर्चीत अप्पा बसले होते. त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात ठोकला. कारखान्यात लक्ष वेधून घ्यायचं असलं की ते असंच लोखंडावर ठोकत असावेत.

"काय लिहिलंय?" ते म्हणाले. "वाच."

"जाऊ द्या हो अप्पा, घड्याळाचं आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

"वाच."

दादानं बेबीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हाताची घडी घातली. त्याला सोडवायला आज ती जाणार नव्हती. शेवटी त्यानं मोबाइल काढला आणि वाचायला सुरुवात केली. तबकडी, काटे, काच हे सगळं त्यानं छान वाचलं, सभेत वाचावं तसं. मग 'माझ्या वडिलांचं उजवं अंग' आलं आणि त्याचा आवाज खाली गेला. 'सोडू नकोस'पाशी तर तो इतका पुटपुटला की अप्पांना कानामागे हात धरावा लागला.

"पुन्हा," अप्पा म्हणाले. "ते शेवटचं."

दादानं ते पुन्हा वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बेबीला वाटलं होतं, हे पाहून आपल्याला बरं वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. उलट अप्पांना तो प्रसंग दोनदा ऐकावा लागला म्हणून ती आणखीनच पेटली. अप्पा मात्र खिडकीबाहेर पाहत होते. ते रागावलेत, की त्यांना वाईट वाटलंय, की लेख आवडलाय, काहीच कळेना.

"चल," ते एकदम म्हणाले.

"कुठे?" दादानं विचारलं.

"आंघोळीला. राहिलीय माझी."

दादा उठून उभा राहिला. पुन्हा बसला. "बेबीला सवय आहे, अप्पा. माझ्या हातून काही कमीजास्त झालं तर..."

"रोज घालतोस की," अप्पा म्हणाले. त्यांच्या वाकड्या तोंडामुळे ते हसले की नाही ते सांगता आलं नसतं.

दादानं मनगटावरचं पातळ घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि बाह्या दुमडल्या. बेबीनं पुढं होऊन अप्पांना उठवलं नाही. त्यानं त्यांना काखेत धरलं, चुकीच्या बाजूनं. मग अप्पांनीच त्याला खांद्यानं ढकलून दुसऱ्या बाजूला घेतलं. दोघं अडखळत, एकमेकांच्या पायांवर पाय देत न्हाणीघरात गेले. दार अर्धवट लोटलं गेलं.

बेबी बाहेरच्या खुर्चीत बसली. रोज या वेळी ती आत असायची. काय करावं ते न सुचून तिनं अप्पांचे धुतलेले कपडे मांडीवर घेतले आणि त्यांच्या बाह्या सरळ करत बसली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शर्टाचं बटण फरशीवर उडून पडलं. दादा "सॉरी, सॉरी" म्हणाला. तिला उठावंसं वाटलं आणि न उठण्याचा हट्टही तितकाच वाटला. करू दे. उडू देत बटणं. साबण डोळ्यांत जाऊ दे, फरशी तुंबू दे, कळू दे त्याला.

नळ सुटला.

"बेबी," दादानं आतून हाक मारली. त्याचा आवाज लहानपणी गणित अडलं की यायचा तसा येत होता. "पाणी किती गरम लागतं ग यांना?"

तिनं मुद्दाम बाही आणखी एकदा सरळ केली.

"तिला काय विचारतोस?" अप्पांचा आवाज आला. "मी बसलोय ना इथं. मला विचार."

नळ पुन्हा फिरल्याचा आवाज आला.

"एवढं पुरे?" दादानं विचारलं.

"अजून."

"आता?"

"अजून सोड. मला कडकडीत लागतं."

बेबीचे हात बाहीवर थांबले. पाणी ती रोज स्वतःच्या कोपरानं पाहायची, तान्ह्या मुलाचं पाहतात तसं, आणि कोमट झालं की नळ बंद करायची. अप्पा कधी काही बोलले नव्हते. आत एकदम वाफ झाली असावी, दाराच्या फटीतून ती बाहेर यायला लागली, आणि अप्पांनी लांब, समाधानाचा असा एक हुंकार सोडला. तो आवाज ती अप्पांना झटका आल्यापासून पहिल्यांदा ऐकत होती.

ती उठून दारापाशी गेली.

"कडकडीत म्हणजे किती?" तिनं बाहेरूनच विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा फारच चढा निघाला.

पाण्याच्या आवाजात आतल्या दोघांना ऐकू गेलं नसावं. कपडे छातीशी धरून ती तिथंच उभी राहिली, वाफ तोंडावर घेत, पुन्हा विचारायच्या तयारीत.