मोज्यातली बाटली

आमच्याकडे चारच वाइन होतात आणि काउंटरवर प्रत्येकीपुढे एक छापील कार्ड असतं. रिझलिंगच्या कार्डावर लिहिलंय: लिंबाची साल, ओला दगड, सोबत शेपू घालून मुरवलेली काकडी. ग्रेनाशच्या: पिकलेला प्लम, दालचिनी, सोबत मेटवुर्स्ट, म्हणजे आमचं धुरी दिलेलं डुकराचं सॉसेज. शिराझच्या: काळी मिरी, मुरलेलं चामडं, सोबत कोकराची भाजलेली तंगडी. आणि टॉनी, ती गोड, जुन्या पिंपातली: अक्रोड, संत्र्याची साल, सोबत चीज आणि थोडी शांतता. ही शांतता माझ्या बायकोनं, हेडीनं, छापायला लावली. "गोड वाइन पोटात गेली की लोक फार बोलतात," म्हणाली.

गिऱ्हाइकं कार्ड वाचतात आणि माझ्याकडे आदरानं बघतात. बघू देत बापडी. तीन हिवाळ्यांमागे मला फ्लू झाला, ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. वासाबरोबर चवही गेली. जिभेला खारट, गोड एवढं कळतं, त्यापलीकडे सगळा पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. त्यांचं काय जातंय म्हणायला!

बरोसात, ऑस्ट्रेलियातल्या या वाइनच्या खोऱ्यात, हे कुणाला सांगायची सोय नाही. इथे माणूस कुबड्या घेऊनही मळा चालवतो, पण वाइन करणाऱ्याचं नाक गेलं की त्याला कुणी विचारत नाही. माझ्या पणजोबांनी लावलेल्या वेली अजून फळतात, आणि मला डोळे मिटून कांदा कुठला नि सफरचंद कुठलं ते सांगता येत नव्हतं. घरात हेडीला आणि आमच्या मुलीला, ट्रूडीला, माहीत होतं. बाहेर कुणालाच नाही, अशी माझी समजूत.

मग हेडी माझं नाक झाली. बायकोनं नवऱ्याला पिंपाशी धरून नेण्याची वेळ यावी, याची मला लाज वाटायची. मी चिडचिड करायचो, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पिंपाचं बूच काढायची, काचेच्या नळीनं घोटभर ओढायची, ग्लासात नाक घालायची आणि स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायची. "माझ्या आजीनं प्लमचा केक ओव्हनमधून काढला, आणि कुणीतरी दार उघडलं." मी त्याचं 'पिकलेला प्लम, दालचिनी' करायचो.

"दार कुठे गेलं?" ती विचारायची.

"दार कार्डावर मावत नाही."

"मग कार्ड मोठं कर, कंजूष!"

शुक्रवारची पंचाईत मात्र निराळी होती. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात ओढ्यापलीकडचा मर्विन आणि नवरा गेल्यापासून आपला मळा एकटी सांभाळणारी लॉर्ना येतात. प्रत्येकानं एक बाटली आणायची. लेबल दिसू नये म्हणून तिच्यावर जुना लोकरी मोजा चढवायचा आणि चाखून ओळखायची: कुठली वाइन, कुणाच्या मळ्यातली. सगळ्यांनी बोलून घेतल्यावरच मोजा काढायचा. तोवर मोज्यातल्या बाटलीला काय वाटेल ते बोलावं, कुणी रागवायचं नाही, हा आमचा नियम. एकेकाळी माझं उत्तर सहसा चुकत नसे.

मोजे चढवायचं काम हेडीचं, त्यामुळे तिला आतलं ठाऊक असायचं. वास गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी ग्लास हातात घेऊन मख्खासारखा बसलो होतो. तेवढ्यात ती काकडीची ताटली घेऊन आली आणि आधी मर्विनपुढे ठेवून मग बाकीच्यांपुढे फिरवली. मी म्हणालो, "रिझलिंग. मर्विनची." बरोबर! त्यानंतर तसंच चाललं. काकडी आली की रिझलिंग, मेटवुर्स्ट आलं की ग्रेनाश, कोकरू आलं की शिराझ, चीज आलं की टॉनी. आणि ताटली आधी ज्याच्यापुढे, मळा त्याचा. आम्ही याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

यंदा मार्चमध्ये द्राक्षं उतरली आणि एप्रिलमध्ये हेडीचा आजार निघाला. केमो सुरू झाली. तशातही ती माझा हात धरून शेडमध्ये यायची. पणजोबांच्या वेलींचं ग्रेनाश या वर्षी जेमतेम एक पिंप निघालं होतं. जूनच्या थंडीत, डोक्याला शाल गुंडाळून, तिनं त्याचा घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"काय?" मी विचारलं.

"माझ्या आजीनं प्लमचा केक ओव्हनमधून काढला, आणि कुणीतरी दार उघडलं."

शब्दन् शब्द मागच्या वर्षीचा. मला केवढा आनंद झाला! वेली म्हाताऱ्या झाल्या तरी बिघडल्या नाहीत म्हणायच्या. एरवी बाटल्या भरण्याआधी मी नमुना तपासायला पाठवतो. या वेळी नाही पाठवला. हेडीनं पास केलेली वाइन मी कुणा परक्याच्या नळीत घालून तपासून घेऊ?

ऑगस्टमध्ये हेडी गेली. ते मला सांगता येत नाही, आणि सांगणारही नाही.

बाटल्या मी ऑक्टोबरमध्ये भरल्या. लेबलावर आमचं आडनाव घातलं नाही, नुसतं 'हेडी' घातलं. तिच्या जिभेनं पसंत केलेली ती शेवटची वाइन. वसंतातल्या जत्रेला ती बाहेर काढायची, येईल त्याच्या हातात ग्लास द्यायचा आणि म्हणायचं, ही माझी बायको. यापलीकडे मला काही नको होतं. भरताना मी घोटभर घेतली होती. घशाशी जरा चरचरली, पण वाइन कोवळी असली की चरचरतेच.

जत्रेआधीच्या शुक्रवारी मी मर्विनला आणि लॉर्नाला बोलावलं. हेडी गेल्यानंतरचा आमचा तो पहिला शुक्रवार. ट्रूडी ॲडलेडहून आली होती. तिनं आत बाटल्यांवर मोजे चढवले, लॉर्ना मदतीला गेली. मी एकटाच व्हरांड्यात बसून आता काय थापा मारायच्या याचा विचार करत होतो.

पहिली बाटली आली. पाठोपाठ लॉर्ना काकडीची ताटली घेऊन आली. ती आधी मर्विनपुढे ठेवली, मग माझ्यापुढे. माझ्याकडे बघितलं नाही.

"रिझलिंग," मी म्हणालो. "मर्विनची."

"घ्या! म्हातारा अजून शाबूत आहे," मर्विन म्हणाला.

दुसऱ्या बाटलीला मेटवुर्स्ट आलं. लॉर्नानं ताटली आधी स्वतःच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या दोघांना तीन वर्षं सगळं ठाऊक होतं. हेडीची ताटली येईपर्यंत मर्विन उगाच द्राक्षांच्या भावाच्या गप्पा का लांबवायचा, तेही कळलं. मला राग यायला हवा होता. पण मी मेटवुर्स्टचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, "ग्रेनाश. लॉर्नाची."

मग मी उठून शेडमधून तिसरी बाटली आणली. ती कुणालाच ठाऊक नव्हती. तिच्यावर मी स्वतः हेडीनं विणलेला राखाडी मोजा चढवला होता. त्यांनी ती न बघता ओळखावी, "अरे, ही तर हेडीची!" असं म्हणावं, एवढ्यासाठी माझी ती सगळी धडपड. सगळ्यांचे ग्लास मीच भरले.

मर्विननं घोट घेतला. तोंड वाकडं केलं आणि उरलेलं कठड्यावरून गवतात फेकलं.

"कुणी आणली रे ही? लॉर्ना, ने ही घरी, तुझ्या काकडीला होईल. नुसतं व्हिनेगर! पिंपात मेलेला उंदीर तरी शोधा कुणीतरी."

लॉर्ना हसत सुटली. "आणि वर नखांचं पॉलिश ओतलंय. कुठल्या गाढवानं ही बाटलीत भरली?"

चूक त्यांची नव्हती. मोजा असेपर्यंत काहीही बोलावं, हा नियमच आहे. ट्रूडीनं मात्र ग्लास नाकाशी नेला, मोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ग्लास खाली ठेवला. "बाबा, नको," ती म्हणाली.

पण सगळ्यांनी बोलून घेतलं होतं. मी मोजा काढला.

मर्विननं टोपी काढली. "क्लेम, माझ्या जिभेचं काही खरं नाही रे... सकाळपासून सर्दी आहे मला..." असं काहीतरी तो बरळत राहिला.

"हेडीनं चाखलीय ती!" मी ओरडलो. "तुम्हा सगळ्यांच्या नाकांपेक्षा तिचं नाक..."

"आईला वास येत नव्हता, बाबा."

ट्रूडी हे इतकं हळू म्हणाली, की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"मेपासून. केमोनं सगळं गेलं. सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायची. मीठ किती घालू, ते फोनवर मला विचारायची. मी म्हटलं, बाबाला सांग. तर म्हणाली, खबरदार! त्याचं नाक गेलं तेव्हा तो कसाबसा उभा राहिला. माझंही गेलं म्हणून कळलं, तर शेडमध्ये पाऊल टाकायचा नाही. मला वाटलं, तू दरवर्षीसारखा नमुना पाठवशील, त्यात काय ते कळेल."

मर्विन आणि लॉर्ना केव्हा गेले, मला आठवत नाही. लॉर्ना जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून रडली, एवढं आठवतं.

मला आठवत होते ते हिवाळ्यातले रविवार. हेडी पायावर उभी राहू शकत नव्हती, तरी कोकरू भाजायची. आम्ही समोरासमोर बसायचो. तिला बरं वाटावं म्हणून मी पहिल्याच घासाला म्हणायचो, "वा! झकास झालंय." ती विचारायची, "मिरी जास्त नाही ना झाली?" मी म्हणायचो, "छे, अगदी बेताची." मग ती एक घास खायची, मान हलवायची आणि म्हणायची, "हो, जमलंय आज." एका टेबलाशी आम्ही दोघं पुठ्ठा चावत होतो आणि एकमेकांना वाढत होतो. तिला निदान माझं माहीत होतं. मी तिला एकदाही विचारलं नाही. ती इतकं हळूहळू का जेवते, एवढं तरी विचारायचं! बायको डोळ्यांदेखत चवीला मुकली, आणि मी मिरीचं कौतुक करत बसलो.

"बाबा, बाटल्यांचं काय करायचं?" ट्रूडीनं विचारलं.

"जत्रेत जायच्या नाहीत," मी म्हणालो. "कुणी तिच्या नावावर तोंड वाकडं करायचं नाही."

ती बाटली उचलायला आली. मी तिचा हात धरला आणि माझा ग्लास काठोकाठ भरला.

"नको ना. खराब आहे ती."

"असू दे."

मी ग्लास तोंडाला लावला. घोट बराच वेळ धरून ठेवला, जूनमध्ये तिनं धरला होता तसा. प्लम नाही, केक नाही, कुणी दार उघडलं नाही. घशाशी थोडी चरचर, बाकी काही नाही. हेडीला ती जशी लागली होती, अगदी तशीच मला लागत होती. मी ग्लास संपवला आणि दुसरा भरला.