माईंचा पाच दिवसांचा लेप

सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत रांग लागली होती. व्यासपीठावर माई एका मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा गर्दीला दाखवत होत्या. "पाच दिवसांपूर्वी इथे पुटकुळ्यांची रास होती. आता एक शोधून दाखवा. लेपाने रक्तातला दोष ओढला. मध्येच थांबलात तर आग होईल. ती लेपाची नव्हे, तुमच्या अश्रद्धेची."

एक औषधविक्रेता आपल्या मुलीसोबत भिंतीला टेकून ऐकत होता. डॉक्टरांनी तिला मुरमांवर मलम देऊन बजावले होते, फरक दिसायला बारा आठवडे लागतील. चौथ्याच आठवड्यात तिने ते फेकले. माईंच्या लेपाने चेहरा पाच दिवसांत नितळ झाला. तीन महिन्यांनी गालांवर लव आली, कातडी पातळ झाली आणि एक दिवस लेप चुकला की मुरमे दुपटीने उसळू लागली.

"बाबा, आजचा डबा तेवढा घेते. उद्यापासून बंद."

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालीस."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? हे तोंड घेऊन कॉलेजात तुम्ही जाता का?"

लेपात आहे तरी काय ते बघायला तो मागच्या खोलीत शिरला. एक सेविका ट्यूबमधले पांढरे मलम पाल्याच्या रसात घोटत होती. त्याने रिकामी ट्यूब उचलली. तीव्र स्टेरॉइड. सूज आणि लाली झटपट दाबणारे, पण चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यास त्वचा झिजवून स्वतःच मुरमे आणणारे.

सेविकेने वर पाहिले. "काका, तुम्ही? पुढचं खोकं कधी पाठवताय?"

वृद्धांच्या इसबासाठी म्हणून त्याच्याच दुकानातून ही खोकी नेली जात होती. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी कधी मागितलीच नव्हती.

तो ट्यूब घेऊन व्यासपीठावर चढला. "लेपात हे आहे," तो म्हणाला, आणि ते काय करते ते सांगितले. "एकाएकी सोडू नका, डॉक्टरांना विचारून सोडा. मुरमांवर औषधं आहेत, पण ती सावकाश काम करतात. पाच दिवसांचा वायदा करणाऱ्याला आधी विचारा, डब्यात काय आहे."

"आणि ते आम्हाला विकलं कुणी, तेही सांगा की, भाऊ," माई शांतपणे म्हणाल्या.

"मी. चिठ्ठी न बघता."

त्याची मुलगी व्यासपीठाजवळ आली. मग रांगेकडे वळली. "माझे गाल जवळून बघा. हात लावून बघा हवं तर."

सात-आठ जण निघून गेले. उरलेले मोकळ्या झालेल्या जागेत पुढे सरकले.