रामलिंग मास्तरांचा ट्रंपेट

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना ट्रंपेट आहे. लातुरात तनुजाच्या घरी राहतो. माझ्या पोटात राग आहे आणि तो लपवून मी तुम्हाला काही सांगणार नाही.

माझे धनी बँडमास्तर रामलिंग, तनुजाचे वडील. तरुणपणी ते सिकंदराबादला एका गोवेकर वादकाकडे जाझ शिकले. जाझमध्ये चाल ठरलेली असते, पण वाजवणारा तिच्यात आयत्या वेळी स्वतःचं काही घालतो. मास्तरांनी ते आमच्या वरातीत आणलं. बँडमधल्या गुंडप्पाच्या हलगीवर मी अशी वळणं घेई, की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचे. पुढे धर्माबादपर्यंतचे बँड तसंच वाजवू लागले.

आनंदराज हा मास्तरांचा लाडका शिष्य. मास्तरांना अर्धांगवायू झाला, फुंकणं संपलं. तेव्हा त्यानं वादक फोडले, चाली उचलल्या आणि हे सगळं आपणच सुरू केलं असं तो सांगत फिरला. मास्तरांना बघायला एकदाही आला नाही. माझ्यावर हिरवा थर चढला. मग तनुजानं मला चिंचेनं घासलं. मास्तर अडखळत गुणगुणत, ती वाजवी. तिला चाली हव्या होत्या. मला सूड हवा होता.

यंदा मंडप घालून आनंदराजचा सत्कार झाला. तनुजा मला घेऊन तिथं गेली. भाषणात तो म्हणाला, "मला कुणी गुरू न्हाई."

तनुजा उठली आणि तिनं माझ्यावर मास्तरांची चाल धरली. मंडपात वाजवायला आलेल्या म्हाताऱ्या गुंडप्पानं हलगीवर साथ दिली. मग तो म्हणाला, "ही चाल रामलिंग मास्तरची हाय. ती बसवली तवा मी संगं व्हतो."

तनुजा आनंदराजला शांतपणे म्हणाली, "काका, आता यात तुमचं काही घाला."

आनंदराजनं आपला ट्रंपेट उचलला. पण त्यातून मास्तरांचीच वळणं निघाली, एकामागून एक. लोक हसू लागले. शाल न घेताच तो खाली उतरला. मला जराही दया आली नाही. उलट पोट थंड झालं.

दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. मास्तर कसंबसं म्हणाले, "ये. बस." तो त्यांच्या पायाशी बसून रडला आणि मास्तरांनी त्याच्या डोक्यावर आपला चालता हात ठेवला.

मित्रांनो, जुनी वाद्यं पुसून ठेवा. ज्यानं शिकवलं तो अंथरुणाला खिळला, तर त्याच्याकडे जात जा. मास्तरांनी आनंदराजला माफ केलं. मी अजून केलेलं नाही.